छपाईतली चूक

नवी कवळी बसवून डॉक्टर देवरे म्हणाले,
"काहीतरी बोला, आजी."
मी म्हणाले, "सैल नाही ना, साहेब?"
आणि दवाखान्यात शीळ वाजली.
एकदा नाही, दोनदा.
खुर्चीशेजारची पोरगी हसू गिळत
ट्रेमधली हत्यारं मोजू लागली.

"थोडा दोष राहिलाय," डॉक्टर म्हणाले,
"पुढच्या मंगळवारी घासून देतो."

बिटको चौकातून घरी येताना
रिक्षात मागे बसून
मी हळूच एकेक शब्द काढून बघितला.
साखर. सासू. सोमवार.
संसार म्हटलं तर दोन शिट्या,
कुकरसारख्या.
रिक्षावाला आरशातून बघत राहिला,
त्याला वाटलं असेल
म्हातारीच्या पिशवीत पाखरू आहे.

शीळ मला नवी नव्हती.
निफाडला, कांद्याच्या चाळीआड,
आठ वर्षांची असताना दोन बोटं तोंडात घालून वाजवली होती.
आत्यानं त्याच बोटांवर उलथनं ओढलं.
"बाईच्या शिटीनं घरात साप येतो."
साप काही आला नाही.
शीळही नाही.

पुढे एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी चुका शोधल्या.
भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर,
गेटवर झडती,
मधल्या वेळात समोर तिकिटांचे ताव:
रंग सरकलाय का,
दाते नीट पडलेत का,
कोपऱ्यातला आकडा अर्धाच उमटलाय का.
चुकला ताव की लाल पेन्सिलीची फुली,
मग त्याची रवानगी भट्टीत.

शेजारच्या टेबलावरची गुलशन तांबोळी
एकदा डबा खाताना म्हणाली होती,
"सरू, असलं एखादं चुकलेलं तिकीट
गेटबाहेर निसटलं ना,
तर शौकीन लोक त्याचे लाख मोजतात!"
ठसका लागेपर्यंत हसलो आम्ही,
हात धुतले
आणि पुन्हा फुल्या मारायला बसलो.

मंगळवारी मी गेले नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
दवाखान्यातून फोन आला, तो सुनेनं घेतला.
मी आतून ओरडले, "सांग, सगळं सुरेख आहे!"
सून भिंतीला टेकून हसत खालीच बसली,
फोन तसाच चालू.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले.
काचेमागचा मुलगा म्हणाला, "नाव?"
इतकी वर्षं मी अहिरराव बाई.
त्याआधी नानांची सून, मग दीपकची आई.
"सरस्वती," मी म्हणाले.
माझं नाव दोनदा वाजलं.
त्यानं मान वर केली. "परत सांगता?"
परत सांगितलं.
रांगेतल्या एका पेन्शनर गृहस्थांनी
कानातलं यंत्र काढून फुंकलं.
मुलानं शिक्का मारला.

आता गुरुवारी मी आणि गुलशन
पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो.
तिचा गुडघा, माझा दम,
मध्ये तीनदा टेकणं, खारे शेंगदाणे.
मी नीट शीळ घालायला शिकतेय,
शब्दांशिवाय, ओठांचा चंबू करून.
गुलशन डोळे मिटून ऐकते
आणि जुन्या सवयीनं फुली मारते,
"तिसरा सूर पडला बघ. पुन्हा."
लेण्यात वाजवलं की दगड जरा थांबून
तेच परत देतो,
माझ्याहून जाड आवाजात.
परवा एक वटवाघूळ उडालं,
गुलशन अशी किंचाळली
की कॉलेजची चार पोरं धावत आली.
आम्हाला सांगता येईना काय झालं ते,
हसूनच मुरकुंडी.

सकाळी, जेल रोडच्या गॅलरीत,
प्रेसचा भोंगा अजून ऐकू येतो.
हात आपोआप डबा शोधतो,
मग आठवतं.
मी चहाचा कप कठड्यावर ठेवते,
ओठ ओले करते.