पन्नासावी चाल

तांडापेठेत, हातमाग विकून रिकाम्या झालेल्या खोलीत
श्रावणजी परात्यांचा पट कायम मांडलेला.
मोहरी मोजकी. हा डाव कोणी खेळलेला नाही,
कोणी खेळणारही नाही.
तारघरातल्या रात्रपाळ्यांत,
दोन तारांच्या मधल्या शांततेत
त्यांनी रचलेल्या या शेवटच्या स्थिती:
पांढऱ्याने खेळून जिंकावे.
पांढऱ्याने खेळून बरोबरी साधावी.
एकशे बारा आहेत. सगळ्या एका लांबट वहीत,
वहीही तारघराचीच, मागच्या कोऱ्या बाजूवर.

मी मिहानमध्ये दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते.
त्यांनीच निरोप धाडला, "तुझं ते यंत्र आण बरं एकदा.
पाहू दे, त्याले काय दिसून राहिलं."

मे महिना. कूलरच्या गवताला गेल्या वर्षीचा वास.

अडतीस नंबर.
पांढरा राजा एक घर मागे येतो, बस.
शह नाही, मारामारी नाही,
आणि काळ्याकडे एकही चाल उरत नाही
जी त्यालाच बुडवणार नाही.
यंत्र अडखळलं. मी समजावू लागले:
ते धरून चालतं, की पाळी सोडूनही
बरं चाललं असेल
तर पुढचं खोलात पाहायला नको.
श्रावणजी हसले.
"सोडता आली असती तर काय पाहिजे होतं?
बायको गेली, तर दुसऱ्या दिवशी
दूधवाल्याचा हिशेब करावाच लागला नं."

मग एकसष्ट.
याच्यासाठी अकरा महिन्यांनी परदेशातून कार्ड आलं होतं,
टाइप केलेलं, सन्माननीय उल्लेखाचं.
प्यादं शेवटच्या घरात पोचतं
आणि वजीर व्हायचं सोडून घोडा होतं.
यंत्राने चार सेकंदांत
दुसरीच वाट काढली. हत्ती एच-एक.
रुक्ष, लांबलचक, बत्तीस चालींची,
पण जिंकणारी.
दोन उत्तरं निघाली की रचना मेली,
हे मी नववीत असताना त्यांनीच शिकवलेलं.
तरी म्हटलं, घोड्याची वाट सुंदर आहे हो,
याला काय, दोन्ही सारख्याच.
"त्याले सारख्या, तर सारख्या.
खोटं कुठं बोलून राहिलं ते?"
लाल रिफिल शोधली. पानाखाली लिहिलं:
मोडली. १४ मे.
आणि सही केली, आडनावासकट,
तार मिळाल्याची करतात तशी.
मग बराच वेळ
त्या घोड्यावर बोट ठेवून बसले.

एकशे नऊ मीच काढली. त्यांनी नको म्हटलं नाही.
प्यादी ताण्याबाण्यासारखी एकमेकांत अडकलेली.
काळ्याकडे एक हत्ती जास्त,
पण आत शिरायला कुठेच फट नाही.
पटावर मोहरी चौदा, म्हणजे
तयार उत्तरांचे तक्ते इथे कामाचे नाहीत.
उणे पाच पूर्णांक दोन, यंत्राने सांगितलं.
पांढरा बुडाला.

मी त्याला स्वतःशीच खेळायला लावलं.
काळा हत्ती ए-आठ, सी-आठ, जी-आठ,
तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊ नये
म्हणून दर फेरीला जरा वेगळं वळण,
कुलूप लावलेल्या गोदामाभोवती
शिट्टी मारत फिरणारा चौकीदार.
उणे पाच. उणे पाच. उणे पाच.
तिसाव्या चालीनंतर आकडा उतरू लागला.
उणे चार. उणे अडीच.
"बघा, मानतंय!"
"मानत नाही बे.
पन्नास चाली झाल्या नं कोणी मेलं नाही, प्यादं हललं नाही,
तर बरोबरी. ते कलम जवळ येऊन राहिलं, एवढंच.
भावकीच्या भांडणात पाहिलं नाही का?
समजत कोणाले काही नाही. मुदत भरते."

कूलरची मोटर कोरडी घरघरू लागली.
ते गुडघ्यावर हात देऊन उठले, बादली घेतली.
मी पडद्यासमोर. सेहेचाळीस. सत्तेचाळीस.
उणे शून्य पूर्णांक तीन.
माझं बोट बंद करायच्या बटनाकडे गेलं असावं,
कारण नळाच्या आवाजातून ते ओरडले,
"थांबवू नको त्याले.
होऊ दे पन्नासावी."