वाऱ्याला उभं

मार्चपासून निशिगंधा माझ्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.
ऑक्टोबरात फोन आला:
बाबा, तंबू मिळेल का कुठे?

तंबू शेजारच्या विल्फचा.
वीस वर्षं गॅरेजात गुंडाळलेला,
मेणाचा आणि ओल्या कुत्र्याचा वास.
एका काठीबद्दल तो काहीतरी म्हणाला,
त्याच्या इथल्या डोंगरी इंग्रजीत.
मी मान हलवली.
एकतीस वर्षं या देशात
मी बरीच मान हलवली आहे.

सीथवेटच्या शेताशी गाडी लावली.
फाटकापाशी एक बाई मेंढ्यांना चारा टाकत होती.
तिनं आमच्या पाठपिशव्या पाहिल्या,
मग आभाळ पाहिलं,
बोलली काही नाही.

पहिला मैल दगडी कुंपणांचा.
ना चुना, ना माती,
दगडावर दगड नुसता,
आणि फटीफटीतून वाऱ्याला वाट दिलेली.
स्टॉकली पुलावर तिनं बुटाची नाडी बांधली.
मी थांबलो.
तिनं सोडून पुन्हा बांधली.
मग कळलं, पुढे व्हा म्हणतेय.

चढावर वारा समोरून आला नाही,
बाजूनं आला,
गर्दीत कुणी खांदा मारून जावं
आणि मागे वळूनही बघू नये, तसा.
माझी टोपी उडाली,
ग्रेट गेबलच्या दिशेनं गेली,
कानात वारा शिरलेल्या वासरासारखी.
ती हसली.
सात महिन्यांतलं पहिलं.
टोपी बावीस पौंडांची होती.
स्वस्त पडली.

स्टायहेडच्या तळ्याकाठी
खुंटे ठोकले, खुंट्यांवर धोंडे ठेवले,
शेगडी पेटेना, काडेपेटी संपली.
चहाविना, पावाला शेंगदाण्याची चटणी लावून
आपापल्या घासाकडे बघत जेवलो.

रात्री दीडला काठी मोडली.
विल्फ बहुधा हेच सांगत होता.
कापड तोंडावर आलं, थंड, फडफडणारं.
मग पाठीला पाठ लावून बसलो दोघं,
डोक्यानं छत उचलून धरलं.
एक काठी सव्वीस वर्षांची, एक अठ्ठावन्न.

आम्ही हळू बोलणारी माणसं.
भांडतोसुद्धा भांडी विसळता विसळता,
नळाच्या आवाजाखाली.
मार्चमधलं तर इतकं हळू झालं
की वरच्या मजल्यावर झोपलेल्या पाहुण्यांना
सकाळी काही वेगळं वाटलं नाही.
इथं ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.
ती ओरडली.

बाबा, मी
आणि वारा.
जानेवारीत
आणि पुन्हा वारा, खूप वेळ,
त्यात तिचं अख्खं वाक्य वाहून गेलं, टोपीमागून.
आई असती तर
आणि मग शेवटी, उंच, कापत,
चालेल ना?

काय म्हणालीस, असं विचारता आलं असतं.
पण त्या वाक्याला सात महिने लागले होते.
दुसऱ्यांदा किती लागतील,
याचा हिशेब मला अंधारात जमेना.
मी ओरडलो, चालेल!
पुन्हा ओरडलो, हो, चालेल!
घसा पुढे दोन दिवस धरला होता.
माझ्या पाठीला तिची पाठ हलताना कळली.
रडत होती की हसत होती,
पाठीला तेवढं समजत नाही.

सकाळी वारा होता तसाच.
तंबूची घडी एकट्याच्यानं होईना,
तिनं दोन टोकं धरली, मी दोन,
चादरी घालतात तसे एकमेकांकडे चालत गेलो,
टोकं तिच्या हातात देताना
तिची बोटं गार लागली.
उतारावर ती शेजारून चालली.
पुलावर म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही नाहीच म्हणाल.
मी मान हलवली.

जानेवारीला अजून नऊ आठवडे आहेत.
काल विल्फसाठी नवी काठी मागवली.
दुकानदारानं फोनवर लांबी सांगितली.
मी म्हटलं, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा.
त्यानं पुन्हा सांगितली.
मी लिहून घेतली, आणि वाचून दाखवली.