पुरवणी

एकतीस वर्षं मी हे पान शिकवतो आहे.
साडेतीन ओळी. एकोणीसशे छत्तीसचा डिसेंबर,
फैजपूर, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन.
ओळी संपतात तिथं कोण्या जुन्या पोरानं
बॉलपेननं लिहून ठेवलंय : 'येणारच'.

फैजपूर आमच्या शाळेपासून सात किलोमीटर.
पोरं तिथं सायकलचं पंक्चर काढायला जातात,
केळीचे ट्रक मोजत परत येतात,
आणि पेपरात फैजपूर असं लिहितात
जणू तेही पानिपतासारखं
नकाशात कुठं तरी वर आहे.

त्या वर्षी सातवीतल्या रुबाब तडवीनं हात वर केला.
"सर, एवढी माणसं आली, तर पाणी कोणी भरलं?"
मी पान उलटलं, परत सुलटं केलं.
पुढारी होते, ठराव होते.
तहान कुणालाच लागलेली नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर सव्वीस पोरं आणि मी
निंबा बुरूडाच्या ओट्यावर.
तोंडात दात नाहीत, हातात कोयती.
"मी तं तव्हा मायच्या पोटात व्हतो.
बापानं सांगतलं ते सांगतो.
काही तो इसरला, काही मी.
उरलं तेवढं घ्या."

बापानं मांडवासाठी चारशे तट्ट्या विणल्या.
समोरच्या ओट्यावरून सोनजी भंगाळे ओरडले, "दोनशे!
अन् पाण्याची पिंपं माह्या बापाच्या गाडीत गेली.
म्होरं बैल, मागं पोलीस."
दोघं भांडले. चहा आला, तरी भांडत होते.
मी वहीत दोन्ही आकडे लिहिले,
एकही खोडला नाही.
रुबाबनं पिंपांखाली दोनदा रेघ मारली.

"आता कुठं आहेत त्या तट्ट्या?"
"दोन घरी आनल्या. म्हशीच्या गोठ्याले लावल्या.
सडल्या, मंग बंबात घातल्या.
तुमच्या अधिवेशनाच्या पान्यानं
मी आंघोय केली, मास्तर."
पोरं हसली. मीही हसलो,
पण थोडा उशिरा.
मनात मी काचेचं कपाट तयार ठेवलं होतं,
कुलपासकट.

मग त्यानं बांबू फोडला, कामट्या तासल्या.
"एक वर, एक खाली. दाबा.
ढिली सोडली का वारा शिरते."
"तुमच्या वडिलांनी असंच सांगितलं होतं?"
"सांगतलं कुठं? बोटावर मारलं."

चार शनिवार गेले.
दोघांची बोटं चिरली, एकाच्या आईनं येऊन शिव्या दिल्या,
आणि एक तट्टी झाली, एका बाजूनं रुंद,
दुसऱ्या बाजूनं लाजलेली.
फुटलेल्या तावदानाच्या जागी ती लावली आहे.
दुपारी तिच्यातून ऊन गळतं,
भारताच्या नकाशावर चौकटी पडतात
आणि चार वाजेपर्यंत
गुजरातकडून बंगालकडे सरकतात.
तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय?
मी म्हणालो, खिडकी.

वार्षिक परीक्षा. प्रश्न तिसरा, उपप्रश्न ब, एक गुण :
फैजपूर अधिवेशनाचे महत्त्व एका वाक्यात लिहा.
रुबाबनं एक वाक्य लिहिलं, पुस्तकातलंच.
मग जागा संपेस्तोवर निंबाचा बाप,
मग समासात, कागद आडवा धरून, सोनजींचे बैल,
त्यांची नावंसुद्धा. ती मला सांगितली नव्हती कुणी.
पोरगी एकटीच परत गेली असणार.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात :
'तट्ट्या चारशे किंवा दोनशे.
सर, जागा पुरली नाही.'

एक गुण दिला. त्याहून जास्त
माझ्या हातात नव्हता.
मग कपाटातून एक कोरी पुरवणी काढली,
निकाल लागून गेल्यावर,
आणि दोरा ओवून
तिच्या पेपराला बांधली.