दोन तोळे आठ मासे

इनासच्या फाटक्या रापणीचं शिसं
झिलू गवस आमच्या परसात वितळवायचा.
चिमूटभर कथील टाकायचा वरून,
नुसतं शिसं मऊ, म्हणायचा,
गव्याच्या खांद्यावर पापड होता त्येचा.
गार झालेल्या गोळ्या पंचात बांधून
तो बाबांच्या पुढ्यात ठेवायचा:
"शेट, तोलून दी."

बाबा चिमट्यानं एकेक उचलत.
दोन तोळे आठ मासे.
एखादी गुंज इकडेतिकडे चालेल,
त्याहून हलकी असेल तर परत मडक्यात.
"सगळ्या सारख्याच दिसतात," मी म्हणाले.
"वरून," बाबा म्हणाले.
ओतताना आत बुडबुडा राहतो.
डोळ्याला दिसत नाही, काट्याला कळतो.

खानोलकर वकिलांकडे नवी रायफल होती,
पेन्सिलीच्या टोकासारखी गोळी, तासलेली, देखणी.
झिलूनं ती तळहातावर घेतली,
उडवून पाहिली, परत दिली.
"हलक्या गोळयेक घाई असता, वकीलसायब.
मदी कारवीची काठी इली की वाट इसारता.
जड गोळी सावकाश जाता,
पन जाता थंय जाता.
जनावर मारूचा आसात तर
एकदाच दुखवचा."
त्याची मार्टिनी संस्थानच्या वेळची,
दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलेली.

त्या वर्षी गवा तुळसच्या डोंगरातून खाली उतरला.
वायंगणाच्या कोंब्यांत रात्रभर लोळला,
भिवा धुऱ्याची बरगडी मोडली.
झिलू तेरा गोळ्या घेऊन गेला.

बाबांनी बाराच पास केल्या होत्या.

तेरावी मी टाकली.
सात वर्षांची होते, मला ती आवडली होती,
तिच्यावर साच्याचा एक ओरखडा नव्हता,
तिच्यात माझं नाक दिसायचं.
ती पुन्हा मडक्यात जाऊ नये
एवढंच मला हवं होतं.
झिलूनं मोजल्या नाहीत.
तोललेलं कोण मोजतं?

गवा दोन रात्री चालला.
पोटात शिसं घेऊन, पाणंदीतून, माडांखालून,
कुणाच्या तरी तुळशीवृंदावनाला अंग घासून;
तिथल्या चुन्यावर रक्त होतं, म्हणे, कमरेइतक्या उंचीवर.
झिलू मागे. जेवला नाही.
मोचेमाडच्या खाडीत, कांदळात,
गवा भरतीच्या पाण्यात उभा राहिला.
पाणी गुडघ्यांवर आलं, पोटावर आलं,
ते हलेना.
इनासनं होडी घातली. झिलू नाळेवर वाकला.
दुसरी गोळी बाबांची होती.

चौथ्या दिवशी झिलू पेढीवर आला.
पायांना अजून खाडीचा चिखल.
पोटातून काढलेली गोळी त्यानं पारड्यात ठेवली.
दोन तोळे सहा मासे.

"हाडाक लागाक नाय, शेट.
वाकडी होवक नाय, खरचटाक नाय.
मगे दोन मासे गेले खंय?"

पेढीवर गिऱ्हाइकं होती.
रेडीची एक बाई पाटल्या मोडायला आलेली,
तिच्यासोबत तिचा दीर.
मी गादीच्या टोकाला, गुंजांच्या डबीत बोट घालून.
बाबांनी काटा थांबेपर्यंत त्याच्याकडेच पाहिलं.
मग एकदा माझ्याकडे.
मग म्हणाले, अगदी सहज,
पाण्याचा तांब्या मागावा तसं:
"माझा काटा चुकला, झिलू."

बाईनं पाटल्या पदराखाली घेतल्या.
दीर उठला.

झिलू बराच वेळ उभा होता.
त्याला सोन्याचा काटा माहीत होता, बाबाही.
मला वाटतं, मीही माहीत होते.
"चुकता कधी कधी," तो म्हणाला,
आणि गोळी पारड्यातच ठेवून गेला.

आता माझं वय सत्त्याहत्तर.
बाबांनी ती मडक्यात टाकली नाही,
मला कधी काही विचारलंही नाही.
पितळी डबीत, गुंजांमध्ये, ती अजून आहे.
वर पांढरट बुरा धरलाय.
नाक दिसत नाही.