मानशीवर कोण बसणार

पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावर
माझ्या टेबलावर एक फाईल आहे,
तिला आता दोन फिती बांधाव्या लागतात.
विषय : माहिती-संरक्षणाच्या अंमलबजावणीत
शासनाचं काम कोणतं, नियामकाचं कोणतं.
संदर्भ : चोडण आरोग्य केंद्र, क्षयरुग्णांची यादी,
एकशे बारा नावं, फोन नंबर, गोळ्यांच्या तारखा.
बाहेर कशी गेली ते ठाऊक नाही.
ठाऊक नाही असं लिहायचं नसतं,
मी लिहिलंय "तपासाधीन".

दिल्लीहून मंडळ कळवतं :
दंड आमचा, पण आमच्याकडे माणसं नाहीत,
स्थानिक तपास राज्याने करावा.
आरोग्य खातं कळवतं :
आमचा तपास आम्हीच कसा करणार,
आणि केलाच तर मानणार कोण?
(अख्ख्या फाईलीत मला पटलेलं हे एकच वाक्य.)
विधी खातं एक स्वल्पविराम हलवून
फाईल परत करतं.

माझे वडील चोडणात मानशीवर होते.
खाजण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो,
नदी खारी, शेत तिच्याहून खाली,
मधे चिखलाचा बांध, बांधात लाकडी दार.
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं.
शास्त्र एवढंच. बाकी भांडण.
कारण दाराच्या तोंडाशी जाळं लावायचा हक्क
दरवर्षी लिलावात जायचा,
आणि ज्याचं जाळं
त्याला दार जरा जास्तच वेळ उघडं हवं असायचं.
मासळी त्याची, भात दुसऱ्याचं.
म्हणून भौसाने ठरवलेलं :
जाळं एकाकडे, दार दुसऱ्याकडे.
वडिलांना त्याचं वर्षाला दोन खंडी भात मिळायचं
आणि जाळेवाल्याच्या शिव्या.

हे टिप्पणीत कसं लिहू?
लिहिलं, "हितसंबंध व देखरेख एका हाती नसावीत."
वरिष्ठांनी खाली लाल शाईने विचारलं,
"आधार?"

पण एक रात्र मी लिहिलेली नाही.
पुनवेचं उधाण. सरकारी दगडी बांध जिथे संपतो
आणि कुळांचा मातीचा सुरू होतो,
बरोब्बर त्या सांध्यात खेकड्यांनी पोखरलं होतं.
खेकड्याला हद्द कळत नाही म्हणतात.
मला वाटतं, त्यालाच ती नेमकी कळते.
मानशीपासून दोनशे पावलं.
वडिलांना पाण्याचा आवाज ऐकू येत होता.
ते उठले नाहीत.
दार सोडलं असतं तर जाळेवाल्याने उघडलं असतं,
असं ते म्हणायचे. न विचारताही म्हणायचे.
तीन वर्षं त्या शेतात मीठच पिकलं.

सोमवारी कितेरिया मिनेझिस आली,
फेरीबोट, मग दोन बसगाड्या, ओली छत्री कोपऱ्यात.
कांदोळीच्या हॉटेलात पोळी लाटायची,
कुणीतरी मालकाला यादी दाखवली.
आजार बरा होऊन चौदा महिने झालेत.
विम्यावाले, औषधवाले, एक प्रार्थनावालासुद्धा
रोज फोन करतो.
मी तिला मंडळ आणि खातं समजावू लागलो.
ती म्हणाली,
"काम कोणाचें तें मागीर थारायात.
पयलीं हे फोन बंद करात."

ती गेल्यावर परिच्छेद नऊ मी नव्याने लिहिला :
दार त्रयस्थाकडेच असावं. मात्र सांधा दोघांचा.
आधी ऐकेल त्याने आधी चिखल टाकावा,
हिशेब ओहोटीला.

भाषा शासकीय नाही, परत येणार हे माहीत आहे.
आधाराच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं,
खोडलं.
कितेरियाचा नंबर तरी लिहावा म्हणून पेन टेकवलं,
आणि आठवलं,
तो आधीच
नको तितक्या ठिकाणी लिहिलेला आहे.