टेप

माझं काम टेपचं.
काळी, कापडी, अडीच बोटं रुंद.
उलानबातरच्या दक्षिणेला, टेकडीखालच्या त्या काचेच्या घरात
सोळा जण दहा आठवडे राहणार, भांडणार, रडणार,
आणि एकेचाळीस कॅमेऱ्यांना दिसता कामा नये
पैसे न दिलेल्या एकाही कंपनीचं नाव.
म्हणून बुटांवर टेप, टोप्यांवर टेप,
शाम्पूच्या बाटल्यांना रोज सकाळी
तान्ह्या पोरांना लंगोट बांधावा तशी टेप.
दिसायचं ते फक्त दूधवाल्या कंपनीचं निळं फूल.
ते उशीवरसुद्धा.

तुल्गा आला त्या दिवशी उणे एकतीस होतं.
अंगात बापाचा देल, उंटाच्या रंगाचा, त्याला जरा ढगळ.
बाहीवर दोऱ्याने काढलेली चंद्रकोर,
खाली दोन आडव्या रेघा.
"हा लोगो कुणाचा?"
"आमचा."
"म्हणजे कुठली कंपनी?"
"घोड्यांचा आहे. डाग."
वरच्या खोलीत कुणीतरी यादी तपासली.
यादीत नव्हता.
मी टेप लावली.

माइक मुठीत दाबून तो मला सांगत होता:
वसंतात बाप शेणाच्या विस्तवात लोखंड तापवतो,
शिंगराच्या मांडीवर टेकवतो, एक श्वास, पुरे,
वरून थोडं दूध ओततो.
मग ते वादळात हरवू दे, चोराहाती लागू दे,
बघणाऱ्याला कळतं
कुणाच्या दारात परत नेऊन सोडायचं.

मला कुठे सोडतील?
आमची कुळनावं सरकारने एकदा पुसली होती.
परत घ्या म्हणाले, तेव्हा बाबा रांगेत उभे राहिले
आणि यादीतलं सगळ्यात भारदस्त नाव उचलून आले,
मोबाइलचा पॅक निवडावा तसं.
अर्ध्या गल्लीने तेच उचललं होतं.
माझ्या पर्सवर पॅरिसची दोन अक्षरं आहेत,
बाजारातली, एक जरा तिरकं.
पहिल्याच दिवशी तिलाही टेप लावायला सांगितली,
आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं:
लपवण्याइतकी तरी ती खरी ठरली.

पाचव्या आठवड्यात लोक विचारू लागले,
टेपखाली काय आहे?
पोरं बाहीला काळी पट्टी लावून शाळेत जाऊ लागली.
मग बाजारात जॅकेटं आली, पट्टी शिवूनच,
साध्या जॅकेटहून बारा हजार तुग्रुग महाग.
निळ्या फुलाचा माणूस कॉफी ढवळत म्हणाला,
"या पट्टीचे हक्क कुणाकडे आहेत?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कात्री खिशात ठेवली.

नवव्या आठवड्यात मतं कमी पडली.
टेप काढायला मीच होते.
जपून काढली, तरी दोरे गोंदाला चिकटून निघाले;
चंद्रकोर पट्टीवर उलटी,
रेघा वर.
बाहीवर राहिला एक चौकोन,
आजूबाजूच्या कापडाहून गडद, बोटाला चिकट.

बसअड्ड्यावर त्याने सामानाचे डाग मोजले.
तीन.
मग बाहीकडे बघून म्हणाला, चार.
चौथ्या खोक्यात... नाही, तिसऱ्याच,
कंपनीने दिलेलं दूध होतं, चोवीस पुडे.
फोनवर बाप ओरडून विचारत होता
(तिकडे वारा असावा),
टीव्हीवर रोज पितोस ते, कसं आहे रे चवीला?
तुल्गाने बराच वेळ विचार केला.
"पांढरं आहे," तो म्हणाला.