आधी बूट

शिरोलीच्या फाउंड्रीमागं जळक्या वाळूचा ढीग होता,
दोन मजली, काळाकुट्ट, पावसाळ्यातही पोटात कोमट.
प्लायवूडच्या फळीला सायकलची ट्यूब ठोकून
मी त्यावरून घसरायची,
आणि वॉचमन खाली शिट्टी फुंकत उभा.
बर्फ मी फार नंतर पाहिला.
पांढरा आहे, एवढंच नवीन वाटलं.

आता लोक विचारतात, कोल्हापूरची पोरगी आणि स्नोबोर्ड?
मग हळूच विचारतात, बोर्ड कुठला घ्यावा.
मी सांगते, आधी बूट.
बोर्ड भाड्यानं मिळतो, उसना मिळतो,
पाय मिळत नाही.
बूट घालून गुडघे वाकवा, पुढं झुका,
टाच तळापासून सुटली तर परत ठेवा,
दुकानदार कितीही म्हणू दे, जाड मोजे घाला.
आत सुती काही नको, घाम धरतं आणि गोठतं.
ढगाळ दिवसाला पिवळी काच.
आणि रंगावर जाऊ नका. मी गेले होते.
पहिलं जॅकेट जोतिबाच्या गुलालासारखं घेतलं,
दुपारपर्यंत आतून चिंब.

हे कुठल्या कोचनं शिकवलं नाही.
आमचे आप्पा, केरबा वरुटे, एकोणीस वर्षं ओतकामावर.
रबरी चपला घालून लॅडल धरायचे सगळे.
एकदा थेंब पडला उजव्या अंगठ्यावर.
थेंब म्हणजे वाटाण्याएवढा.
नख पुन्हा आलं नाही.
त्याच साली युनियन झाली.
मागणीपत्रात बोनस पहिला होता,
आप्पांनी तो खोडून बाण काढला, वर लिहिलं, बूट.
"बोनस खाऊन संपतोय. आधी बूट."
सत्तावीस दिवस गेटवर तंबू.
आईनं शेजारून चार वेळा तेल उसनं आणलं, वाटीनं मोजून.
बूट आले.
सगळ्यांना एकाच मापाचे, नऊ नंबर.
आप्पांचा पाय सात.
कागद कोंबून घालायचे ते.
तक्रार घेऊन युनियनकडं गेले, तर अध्यक्ष म्हणाले,
"आता त्ये बी मीच बघू व्हय?"

तेव्हा युनियनच्या बाबतीत मला कुणी भोळी समजू नये.
अध्यक्षांच्या दारात पुढं नवी मोटरसायकल लागली.
वर्गणीचं पावतीपुस्तक अजून आमच्या माळ्यावर आहे,
निम्म्या पावत्या कोऱ्या.
तरी माप चुकलं म्हणून कुणी अनवाणी भट्टीवर जात नसतं.
बूट परत ठेवायचा आणि मापाचा मागायचा,
पुन्हा तंबू टाकावा लागला तरी.

गुलमर्गला लिफ्टखाली बर्फ उपसणारा मंजूर.
त्याच्या हातमोज्यांना बोटंच नव्हती.
मी माझी जोडी दिली.
दुसऱ्या दिवशी ती एका पर्यटकाच्या हातात दिसली,
मंजूर पुन्हा उघड्या बोटांनी.
मला राग आला.
फोनवर आप्पा बराच वेळ हसले.
"एकट्याला दिलेली वस्तू घरात पीठ होती, पोरी.
किती जण हाईत तिथं उपसायला?"
मी मोजलेच नव्हते.
सकाळी मोजले. चौदा.

आणि आम्ही?
एकाच कंपनीच्या करारावर
वेगवेगळ्या खोल्यांत सह्या केलेले अकरा जण.
गुडघा फुटला तर खर्च कुणाचा, ते कलम मी वाचलं.
बाकीच्यांनी वाचलं का, विचारलं नाही.
भीती वाटली, हेही सांगते.
उतारावर वाटत नाही एवढी.

यंदा नवे बूट घेतले.
कावळा नाक्याच्या घरी खोकं उघडलं तर आप्पा म्हणाले, बघू.
पायजमा वर करून त्यांनी
बिननखाचा अंगठा आत सरकवला.
नाड्या मी आवळल्या.
आई म्हणाली, पडशीला.
ते भिंतीला हात लावून उठले,
फरशीवर दोन पावलं, मग गुडघे वाकवून पुढं झुकले.
"नंबर किती?"
सात, म्हटलं. माझाही सातच.
काही बोलले नाहीत.
टाच सुटते का, बघत राहिले.
सुटत नव्हती.